कडपट्टी, होडीची

कडपट्टी, होडीची : होडीच्या वरच्या काठावर, किंवा काठाला लागून बाहेरच्या अंगाने बसवलेली, घासून झिजण्यासाठीच ठेवलेली पट्टी. ती लाकूड, दोर, रबर, पीव्हीसी किंवा धातूची असते. काठपट्टी, रबरपट्टी अशीही तिची नावे आहेत. हार्डवेअरच्या दुकानात रबरी प्रकाराला बीडिंग म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील गोड्या पाण्यावर चालणाऱ्या, साधारण ४ ते ७ मी. लांबीच्या होड्यांपुरती आहे.

होडीचा काठ तळापेक्षा आधी म्हातारा होतो. वल्हे त्याच्यावरच टेकते, जाळे त्याच्यावरूनच ओढले जाते, उतारू त्याच्यावरच पाय देऊन चढतात, आणि शेजारची होडी लाटेने हलली की ठोकरही त्यालाच बसते. पट्टी झिजली तर दोन-तीन दिवसांत बदलता येते. फायबरच्या (काचतंतू व रेझिनच्या) होडीचा काठ फुटला तर तो भाग वाळवणे, घासणे, काचतंतूंची मॅट आणि रेझिन चढवणे यात होडीचे आठ-दहा दिवस जातात, आणि तेवढे दिवस नावाड्याची कमाई बंद राहते.

उजनीतील परिस्थिती : भीमा नदीवरील उजनी धरण माढा तालुक्यात असून ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरते, तेव्हा वर्तमानपत्रे साठा ‘उणे’ टक्क्यांत छापतात. कडपट्टीच्या दृष्टीने ही आकडेवारी महत्त्वाची आहे, कारण पातळी उतरते तसा काठही सरकतो. भाद्रपदात होडी ज्या गवताळ उतारावर लागते, तो उतार वैशाखात पाण्यापासून फार दूर राहिलेला असतो. त्या वेळी होडी बुडालेल्या शेतांच्या ताली, जुन्या भिंतींचे दगड आणि झाडांचे खुंट यांच्यामधून वाट काढते. जलाशयाच्या पुणे जिल्ह्याकडील भागात पळसदेवचे प्राचीन मंदिर अशाच दिवसांत उघडे पडते. समुद्रावरील बंदरात होडी ठरावीक धक्क्याला घासते, म्हणून तेथे जाड पट्टी एका रेषेत पुरते. उजनीत घर्षणाची जागा महिन्यागणिक बदलते. नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या फळीपर्यंत सगळा काठ झाकणे येथे आवश्यक ठरते. फक्त नाळेला रबर लावून भागत नाही.

जलाशयावरील होड्यांचे उपयोगानुसार ढोबळ तीन वर्ग करता येतात : मासेमारीच्या, उतारू नेणाऱ्या, आणि भिगवण-कुंभारगाव परिसरात रोहित व इतर पक्षी दाखवणाऱ्या. तिन्हींच्या गरजा वेगळ्या आहेत. मासेमाराला गुळगुळीत काठ हवा. नायलॉनचे जाळे काठावरून ओढताना स्क्रूचे एखादे वर आलेले डोके किंवा पट्टीचे उचललेले टोक मिळाले की फास अडकतो आणि जाळे फाटते. उतारू होडीला जाड आणि बाहेर आलेली पट्टी हवी. पक्षी दाखवणाऱ्या होड्या उथळ पाण्यात जातात. तेथे बांबूने होडी रेटताना बांबू काठाच्या त्याच त्या वीतभर भागावर घासतो, म्हणून तेवढ्या भागावर पट्टीचा दुसरा थर द्यावा.

प्रकार : (१) इंग्रजी यू अक्षरासारख्या खाचेची, काठावर वरून दाबून बसवायची पट्टी. हिच्या आत धातूच्या पकडी असतात. त्या साध्या पोलादाच्या असतील तर गंजतात, गंज फुगतो आणि रबर आतून फाटते. (२) डी आकाराची भरीव किंवा पोकळ पट्टी; ही काठाच्या बाहेरून स्क्रूने बसते. (३) ॲल्युमिनियमची पन्हळ आणि तिच्यात सरकवलेले रबर. दिसायला सर्वांत नीटनेटकी, पण पन्हळ एकदा चेपली की रबर बदलता येत नाही. (४) अर्धगोल लाकडी पट्टी. (५) काथ्याचा किंवा नायलॉनचा दोर, काठाला आवळून. (६) पाण्याचा प्लास्टिक पाइप उभा चिरून काठावर चढवणे. हा उपाय स्वस्त आहे आणि मासेमारीच्या लहान होडीला एक हंगाम पुरतो. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

जुने टायर लटकवणे हा कडपट्टीचा प्रकार नव्हे, पण तिच्या जागी ते सर्रास वापरले जातात. रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात. रबर झिजल्यावर त्या बाहेर येतात आणि शेजारच्या फायबर होडीवर ओरखडे काढतात. टायर वापरायचाच असेल तर तार दिसताक्षणी काढून टाकावा, आणि पाणी साचू नये म्हणून खालच्या बाजूला भोक पाडावे.

रबराची निवड : सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश से. च्या वर जातो आणि होड्या दिवसभर उघड्यावर असतात. नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे बारीक आडव्या भेगा पडतात. मऊ पीव्हीसीतील मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू निघून जाते, मग पट्टी ताठ होऊन आखडते. यांच्या तुलनेत ईपीडीएम रबर उन्हात जास्त टिकते; पेट्रोल, डिझेल आणि तेलाने मात्र ते फुगते. मशीन लावलेल्या होडीच्या मागच्या भागात, जेथे इंधन सांडते तेथे, निओप्रीन रबर बरे.

फायबर होडीला पट्टी बसवणे : फायबरचा कापलेला काठ उघडा राहिला तर काचतंतूंची टोके पाणी शोषतात आणि थर सुटू लागतात. म्हणून पट्टीखाली काठ आधी बंद करणे हे खरे काम. पट्टी त्याच्यावरचे पांघरूण. जुनी पट्टी काढून काठ साबणाच्या पाण्याने धुवावा आणि दोन दिवस सुकू द्यावा. फुटलेला जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) घासून रेझिनचा हात द्यावा. हे काम पहाटे करावे. दुपारच्या उष्णतेत नेहमीच्या प्रमाणात कॅटलिस्ट (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) घातलेले रेझिनही डब्यातच घट्ट होते. अशा वेळी कॅटलिस्ट अंदाजाने कमी करण्यापेक्षा थोडेथोडे रेझिन कालवणे सुरक्षित.

५ मी. लांबीच्या होडीला सगळीकडून मिळून ११ ते १२ मी. पट्टी लागते. ती अखंड घ्यावी. सुरुवात नाळेच्या मध्यापासून करून दोन्ही बाजूंनी मागे जावे. सांधा मागच्या फळीवर यावा. नाळेवर किंवा जेथून उतारू चढतात तेथे सांधा दिला तर तो पहिल्याच महिन्यात उघडतो. वळणावर पट्टी मऊ व्हावी म्हणून ती आधी उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवावी. पट्टी ओढून ताणून बसवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. ताणलेली पट्टी रात्रीच्या थंडाव्यात आखडते आणि सांध्यात बोटभर फट पडते. कडक पीव्हीसीची ५ मी. लांब पट्टीदेखील तापमानातील २० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिमी. वाढते किंवा आखडते. मऊ पीव्हीसी व रबर याहून अधिक. उलट पट्टी किंचित दाबत बसवावी.

स्क्रूमधील अंतर सरळ भागात १५ सेंमी. आणि वळणावर १० सेंमी. किंवा कमी ठेवतात. गोड्या पाण्यात ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील पुरते; ३१६ प्रत समुद्रासाठी. जुन्या भोकांत पुन्हा स्क्रू घालू नये. ती एम-सीलने किंवा रेझिनने बुजवून दोन बोटे सरकून नवी पाडावीत. प्रत्येक भोकात पॉलियुरेथेन सीलंटचा थेंब सोडावा. सिलिकॉन स्वस्त पडते, पण त्याचा तवंग काठावर राहतो आणि पुढे त्या जागी ना रंग धरतो ना रेझिन.

लाकडी होडी : सागवानी किंवा बाभळीची पट्टी, आधी भोक पाडून बसवतात, दरवर्षी तेल देतात.

पत्र्याची होडी : काठाला लोखंडी पाइप किंवा सळई वेल्डिंगने जोडतात. वर रबर लावले तर आत पाणी अडकून गंज धरतो.

देखभाल : दर महिन्याला काठावरून हात फिरवणे ही पुरेशी तपासणी आहे. स्क्रूचे डोके हाताला लागले, पट्टी बोटाने उचलली गेली, किंवा वाकवल्यावर भेगा उघडल्या तर दुरुस्ती काढावी. धुण्यासाठी साबण आणि पाणी वापरावे. थिनर, रॉकेल, पेट्रोल वापरू नये. पट्टीखाली साचलेली वाळू काढली नाही तर ती काचपेपरसारखी काठच घासते. मोठे काम पावसाआधी उरकावे. वरच्या धरणांतून पाणी येऊन जलाशय भरू लागला की होड्या वर ओढून सुकवायला उसंत मिळत नाही.

पंढरपूर : चंद्रभागेत (पंढरपुरातील भीमेत) महादेव कोळी समाजाचे नावाडी वारकऱ्यांना होडीने नेतात; मार्गशीर्षात विष्णुपद मंदिराकडे जाणाऱ्यांची गर्दी असते. नदीतील पाणी उजनीच्या विसर्गावर अवलंबून असते. येथे होडी घाटाच्या दगडी पायऱ्यांना लागते, त्यामुळे पायरीच्या धारेवर येणारी नाळ आधी झिजते. नाळेला दुहेरी पट्टी द्यावी.

कायदा : गोड्या पाण्यावरील होड्यांसाठी अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ पाहावा.

सुरक्षितता : २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली उतारू होडी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. कडपट्टीने अशी होडी वाचत नाही. भरीव रबर पाण्यापेक्षा जड असते. जाड पट्टीमुळे होडी जास्त भार घेते असे समजून एकही माणूस वाढवू नये. काठ आणि पाणी यांमधील अंतर भाराने ठरते, आणि वाऱ्यात तेच अंतर कामी येते. लाइफ जॅकेटला पर्याय नाही.

पट्टीचे स्वतःचे एक काम मात्र थेट माणसाच्या अंगाशी निगडित आहे. बसलेला उतारू, विशेषतः लहान मूल, घाबरले की काठ मुठीत धरते. दोन होड्या किंवा होडी आणि दगड एकमेकांना भिडले तर बोटे मध्ये सापडतात. म्हणून उतारू होडीवर फक्त वरून चढवलेली यू पट्टी पुरेशी नाही. तिच्या खाली, बाहेरच्या अंगाने, काठ धरलेल्या मुठीहून पुढे येईल इतकी जाड डी पट्टी असावी. ती बसवल्यावर स्वतः होडीत बसून, काठ मुठीत धरून, बाहेरून फळी टेकवून पाहावी. फळी बोटांना लागली तर पट्टी कमी जाड आहे.