यजमान आणि कलावंत : गोंदिया परिसरातील बैठकीची परंपरा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भातशेती, तलाव आणि विडी उद्योग ही या भूमीची ओळख सर्वपरिचित आहे. येथील संगीताचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. बैठक म्हटली की दिवाणखाना व तानपुरे डोळ्यांसमोर येतात. परंतु मोजक्या श्रोत्यांसमोर बसून गाण्याची प्रथा या वनप्रदेशात गोंड गृहस्थाच्या अंगणातही नांदत होती.

परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. गजाने वाजविले जाणारे ‘बाना’ हे तंतुवाद्य घेऊन ते ठरलेल्या यजमानांकडे जात, बडादेवाचे स्तवन करीत आणि गोंड राजांच्या व कुळांच्या गाथा गात. यजमान त्यांना यथाशक्ती दान देई. समाजाचा अलिखित इतिहास या गायनातच जतन झाला. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेची आख्यायिकाही संगीताशी निगडित आहे. गुहेत कोंडलेल्या बालकांना एका वादकाच्या किंगरीच्या सुरांनी बळ आले व त्यांनी द्वारावरील शिळा लोटली; त्याच शिळेखाली वादकाने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. दर माघ पौर्णिमेला येथे गोंडी भाविकांची मोठी यात्रा भरते.

दुसरा प्रवाह नाट्यसंगीताचा. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने रागदारीला रंगभूमीवर आणले. झाडीपट्टीत दंडारीच्या लोकपरंपरेशी या संगीत नाटकाचा संगम झाला. दिवाळीनंतर भाताची कापणी आटोपली की गावोगावी रात्रभर नाटके रंगतात आणि वादक रंगमंचापुढे बसून प्रत्यक्ष साथ करतात. ज्या शेतकऱ्याने कधी मैफलीचे तिकीट काढले नाही, त्याच्या कानी राग पोहोचला तो असा. येथे यजमान संपूर्ण गाव होते.

तिसरा प्रवाह पूर्वेकडचा. सालेकशावरून जाणारा हावडा-मुंबई लोहमार्ग पुढे डोंगरगडला पोहोचतो. तेथून जवळच असलेल्या खैरागडच्या राजदांपत्याने, राजा बीरेंद्र बहादूर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी, दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ आपला राजवाडा संगीतासाठी अर्पण केला. १९५६ मध्ये तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. पं. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तेथील कुलगुरुपद भूषविले. राजाश्रय संपताना त्याचे रूपांतर विद्याश्रयात व्हावे, हे या घटनेचे मोल.

परधानांच्या वाट्याला असे रूपांतर सहज आले नाही. यजमानांची दाने आटली, तसा बानाही अनेक घरांत मुका झाला. पाटणगडच्या जनगढसिंह श्याम यांनी १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात पूर्वजांच्या गाथा रंगांत उतरविल्या व ती चित्रे जगभर गेली. कथा तरल्या, परंतु सूर मागे पडला. झाडीपट्टीतही ऑर्गनची जागा आता बहुधा विजेवरच्या की-बोर्डने घेतली आहे.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. कलावंताची साधना जितकी मोलाची, तितकीच श्रोत्याची आस्था. ज्या संस्थांकडे सभागृह आहे, त्यांनी वर्षातून एक संध्याकाळ बानावादकाला व एक ख्यालगायकाला दिली, तरी या भूमीला तिचे हरपत चाललेले यजमान पुन्हा लाभतील.