नजरेचा वेग आणि मुंबईतली नऊ कुटुंबे

कंपवात म्हटला की तुमचे लक्ष रुग्णाच्या हाताकडे जाते. जेम्स पार्किन्सन यांनीही १८१७ साली सहा रुग्णांवर निबंध लिहिला, तो कंप आणि पुढे झुकलेली चाल यांवरच. डोळ्यांकडे वैद्यकाचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. त्यातले एक मोठे काम आपल्या मुंबईत झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

डॉ. नोशीर वाडिया जे. जे. रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ होते. तोल जाणाऱ्या, बोलताना अडखळणाऱ्या काही रुग्णांत त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. आपली नजर एका वस्तूवरून दुसरीवर उडी मारते, डोळ्याचे पाते लवायच्या आत. या रुग्णांची नजर सरपटत जाई. १९७१ मध्ये वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी अशी नऊ कुटुंबे ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडली. तेव्हा एमआरआय नव्हता, जनुकचाचणी नव्हती. होते ते निरीक्षण. पुढे १९९६ साली ‘एससीए-२’ या आनुवंशिक आजाराचे जनुक सापडले, आणि १९९८ मध्ये वाडियांनीच सहा भारतीय घराण्यांत या मंद नजरेचे निदानातले महत्त्व दाखवून दिले.

याचा कंपवाताशी संबंध काय? याच जनुकातला दोष काही घरांत हुबेहूब कंपवातासारखा दिसतो, लेव्होडोपाच्या गोळीने उतारही पडतो. पण इथे प्रत्येक अपत्याला आजार मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून आई-वडील, काका, आत्या यांच्या चालण्या-बोलण्याबद्दल आम्ही खोदून विचारतो, कंटाळू नका.

नेहमीच्या कंपवातात नजरेचा वेग बहुधा ठीक असतो, पण उडी तोकडी पडते. वाचताना ओळ सुटते, जवळचे दोन-दोन दिसते, पापण्या कमी लवतात. लोक चष्मा बदलत राहतात. (नुसते डोळे थकले म्हणजे कंपवात नव्हे, तेवढ्याने घाबरू नका.)

आणखी एक भावंड आजार १९६४ साली टोरांटोच्या तीन डॉक्टरांनी सविस्तर मांडला, पीएसपी. यात खाली बघणे अवघड होते. ताटातले दिसत नाही, जिन्याची पायरी चुकते, रुग्ण पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच वरचेवर पडतो. गोळीचा उपयोग थोडाच होतो. तेव्हा घरातले कोणी वारंवार पडत असेल, तर ते खाली बघताना फक्त डोळे हलवतात की मानच वाकवतात, एवढे पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.