मेलेल्या माकोचा हिशेब

जो मासा मेलेलाच वर आला तो परत समुद्रात फेकायला लावणे, हा कुठला शहाणपणा? उत्तर अटलांटिकमधल्या माको शार्कवर गेली काही वर्षे जो वाद चालला आहे, त्यातल्या एका पक्षाचे सारे म्हणणे या एका प्रश्नात आले. युरोपातल्या बोटमालकांनी तो विचारला, मोठ्या देशांच्या शिष्टमंडळांनी आंतरराष्ट्रीय बैठकांत तो मुत्सद्दी भाषेत मांडला, आणि ऐकणाऱ्या बहुतेकांना तो पटतोही. अन्न वाया घालवू नये हा संस्कार आपल्या सगळ्यांवर लहानपणापासून झालेला असतो. म्हणूनच हा युक्तिवाद मला धोकादायक वाटतो. त्याची चिकित्सा करण्याआधीच तो मान्य होऊन जातो.

मराठी वाचकाची माकोशी एक जुनी गाठ आहे. हेमिंग्वेच्या ज्या छोट्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने अनुवाद केला, तीत म्हाताऱ्याच्या मार्लिनवर पहिला घाला घालतो तो माकोच. शार्कमध्ये सर्वांत वेगवान, शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार राखणारा, आणि मांस इतके चांगले की बाजारात तलवारमाशाच्या जोडीने विकला जाणारा. त्याच्या दुर्दैवाचे मूळ याच शेवटच्या गुणात आहे. तलवारमासा आणि निळा शार्क यांच्यासाठी टाकलेल्या लाँगलाइनवर, म्हणजे शेकडो गळ लावलेल्या लांबलचक दोरावर, तो लागतो, म्हणून कागदोपत्री तो ‘चुकून आलेला’ ठरतो. पण जो चुकून आला तरी नक्की विकला जातो, त्याला चुकून आलेला म्हणणे अर्धे सत्य आहे.

अटलांटिकमधल्या ट्यूना आणि तत्सम माशांचा कारभार पाहणारा ‘इकॅट’ हा आयोग माद्रिदला आहे. त्याच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सांगितले की उत्तर अटलांटिकमधला माकोचा साठा घटलेला आहे आणि तरीही अतिमासेमारी चालूच आहे, याची शक्यता ९० टक्के. तेव्हा वर्षाची पकड तीन हजार टनांच्या घरात होती. २०१९ मध्ये पुन्हा गणित मांडले, ते अधिकच कठोर निघाले. पकड शून्यावर आणली तरी २०४५ पर्यंत साठा पूर्ववत होण्याची शक्यता जेमतेम ५३ टक्के. फेकलेले मेलेले मासे धरून वर्षाला ३०० टनच मेले, तर २०७० पर्यंत ६० टक्के.

एवढे समोर असताना २०१७ च्या माराकेशच्या बैठकीत काय ठरले? जिवंत माको सोडायचा, पण मेलेला आला तर काही अटींवर ठेवायला हरकत नाही. परिणाम असा की २०१९ मध्येही पकड दीड हजार टनांच्या वरच राहिली. सेनेगल आणि कॅनडा यांनी पूर्ण बंदीचा आग्रह धरला. युरोपीय संघ आणि अमेरिका सवलतीवर अडून बसले. बंदी आली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, २०२२ पासून लागू होणारी, आणि एकूण मृत्यूंसाठी २५० टनांची मर्यादा घालून.

आता पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. लाँगलाइनवर लागलेल्या दहा माकोंपैकी साधारण तीन ते चार बोटीच्या कडेला येईपर्यंत मेलेले असतात. उरलेले सोडले तरी त्यांतले एक-दोन गळाच्या जखमेने आणि दमछाकीने पुढे मरतात. म्हणजे दहांतले सुमारे पाच वाचतात. ‘मेलेला ठेवा, जिवंत सोडा’ म्हटले काय आणि ‘कोणताच ठेवू नका’ म्हटले काय, वाचणारे पाचच. मग बंदीने मिळवले काय? शंभर किलोचा उत्तम मासा पाण्यात गेला, खलाशाच्या घरी चार पैसे कमी गेले, शास्त्रज्ञांना अभ्यासाला नमुना मिळाला नाही. हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. रात्रभर राबून वर काढलेला मासा स्वतःच्या हाताने फेकताना माणसाच्या मनाला होणारा त्रास खरा आहे.

या हिशेबाची मेख पहिल्याच आकड्यात आहे. दहांत तीन-चार मेलेले येतात, हे निसर्गाने ठरवून दिलेले प्रमाण असल्यासारखे यात धरले आहे. ते तसे नाही, आणि हे पटायला बोटीवर काय चालते ते पाहावे लागते. कित्येक किलोमीटर लांबीचा मुख्य दोर, त्याला ठरावीक अंतरावर तरंगणारे बोये, मधे लोंबणारे शेकडो उपदोर आणि प्रत्येकाच्या टोकाला आमिष लावलेला गळ. संध्याकाळी दोर सोडतात, पहाटेपासून ओढायला घेतात, आणि ओढणे तासन्‌तास चालते. माकोला श्वास घ्यायला पोहत राहावे लागते. गळाला अडकून जितका वेळ गेला तितका तो मरणाच्या जवळ गेला. तेव्हा दोर किती तास पाण्यात ठेवायचा, गळ साधा इंग्रजी ‘जे’च्या आकाराचा वापरायचा की ओठाच्या कोपऱ्यात रुतणारा गोल, टोकाशी नायलॉन लावायचे की पोलादी तार, हे सगळे कप्तान ठरवतो. नायलॉन माको दातांनी कापून निघून जाऊ शकतो, जबड्यात गळ घेऊन का होईना. तार त्याला तुटत नाही. अमेरिकेने २०२२ मध्ये हवाईच्या ताफ्याला दुसऱ्या एका शार्कच्या रक्षणासाठी अशी तार वापरायला मनाई केली, ती याच कारणाने.

आता प्रश्न असा की मेलेल्या माकोला भाव मिळत असेल, तर कप्तान तार का सोडेल? दोर लवकर का ओढेल? माको दाट असलेले पाणी टाळून दुसरीकडे का जाईल? त्याला दुष्ट ठरवायची काहीच गरज नाही. डिझेलचा खर्च त्याच्या डोक्यावर आहे, आणि नियमाने त्याला सांगितले आहे की हा मासा जिवंत आला तर शून्य, मेलेला आला तर पैसे. जिवंत माशाची किंमत शून्य करून मेलेल्याला भाव देणारा नियम मरण वाढवतो. दहांत पाच वाचण्याचे ते गणित अशा नियमाखाली पाचावर टिकत नाही.

आणि मेलेला म्हणजे कोणाच्या मते मेलेला? २०१७ च्या अटींत बारा मीटरहून मोठ्या बोटीवर निरीक्षक किंवा कॅमेरा हवा असे होते खरे. पण लाँगलाइन ताफ्यांसाठी निरीक्षकांचे किमान प्रमाण वर्षानुवर्षे पाच टक्क्यांवर रेंगाळलेले, आणि डेकवर आणलेला माको काही मिनिटांत ‘मेलेलाच आला’ होऊ शकतो. नोंदवह्यांवर किती विसंबायचे याचा पुरावाही आहे. पश्चिम उत्तर अटलांटिकमध्ये चाळीस माकोंना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावून संशोधकांनी त्यांचा माग काढला, तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीसपैकी बारा मासेमारीत सापडले. आधीच्या अंदाजांपेक्षा मासेमारीने होणारे मृत्यू कितीतरी पटींनी जास्त निघाले.

नासाडीचा मुद्दा खरा असेल तर त्याला एक सरळ कसोटी आहे. नॉर्वेत मेलेला मासा समुद्रात फेकण्यावरच बंदी आहे. अशा देशांसाठी इकॅटच्या नियमांत वाट ठेवलेली आहे: मेलेला माको बंदरावर आणा, पण मच्छीमाराला त्यातून नफा मिळता कामा नये. मांस वाया जात नाही, शास्त्रज्ञाला नमुना मिळतो आणि मरणाला भावही चढत नाही. ज्यांना अन्नाच्या नासाडीचे दुःख होते त्यांनी ही वाट उचलून धरायला हवी होती. मागणी झाली ती विकण्याच्या परवान्याची. नमुन्यांचे म्हणाल तर बंदी असलेल्या शार्कचे जैविक नमुने वैज्ञानिक निरीक्षकांना घेता यावेत, अशी तरतूद इकॅटने आधीच केली आहे.

अमेरिकेतल्या हौशी मासेमारांचे म्हणणे वेगळे. आम्ही धंदेवाले नाही, आमचा वाटा तो किती, आणि आम्ही लहान मासा सोडतोच. उत्तर अटलांटिकमधल्या माकोच्या पकडीत अमेरिकेचा एकूण वाटा दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास होता हे खरे. पण त्यात हौशी मासेमारीचा हिस्सा मोठा होता. आणि लहान मासा सोडण्याचा नियम, जो पापलेटसारख्या ढिगाने अंडी घालणाऱ्या माशाला उपयोगी पडतो, तो इथे तोकडा पडतो. अमेरिकेने २०१९ मध्ये नरासाठी सुमारे १८० आणि मादीसाठी २१० सेंटिमीटरची किमान लांबी ठरवली. नर साधारण १८० सेंटिमीटरला वयात येतो, तेव्हा त्याच्यापुरते ठीक. मादी वयात येते २७५-२८० सेंटिमीटरला. म्हणजे कायद्याने ‘मोठी’ ठरलेली मादी अजून वर्षानुवर्षे पिल्ले देणार नसते.

मादी किती वर्षांनी वयात येते हे कसे कळले ते सांगायला हवे, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. शार्कच्या मणक्याचा पातळ काप घेतला की झाडाच्या खोडात दिसावीत तशी वर्तुळे दिसतात. पूर्वी काही संशोधक धरून चालत की माकोत वर्षाला अशी दोन जोड-वर्तुळे पडतात. त्या मोजणीने मादी सात-आठ वर्षांत वयात यायची. मग १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी वातावरणात आणि तिथून समुद्रात उतरलेल्या कार्बनचा माग मणक्यांत शोधला गेला. त्या खुणेवरून मोजले तर प्रौढांत वर्षाला एकच जोडी पडत असल्याचे दिसले. मादी वयात यायला सुमारे अठरा वर्षे. त्यापुढे पंधरा-अठरा महिन्यांचे गर्भारपण आणि साधारण तीन वर्षांतून एकदा पिल्ले. जुना आकडा खरा असता तर ‘मेलेला ठेवू द्या’ ही सवलत कदाचित परवडली असती.

हौशी मंडळींच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. ऑस्ट्रेलियात गळाने पकडून सोडलेल्या तीस माकोंच्या अभ्यासात दहांतले नऊ जगले. अमेरिकेत १९६२ पासून चालू असलेल्या शार्क-टॅगिंग कार्यक्रमात हौशी मासेमारांनीच हजारो शार्कना टॅग लावले. माको कुठून कुठे जातो हे आपल्याला कळले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जुलै २०२२ पासून अमेरिकेने धंदेवाल्यांना आणि हौशींना सारखीच बंदी घातली, तेव्हा बंद झाले ते मारणे. गळाची ओढ, माकोची ती उंच उडी, टॅग लावून सोडणे, हे सगळे शाबूत आहे. स्पेनमधल्या गॅलिसियातल्या खलाशाला आपल्या मिळकतीचा भाग सोडायला सांगायचे आणि हौशी स्पर्धेच्या वजनकाट्यावर मादी टांगायला मोकळीक ठेवायची, हे कोणत्याही बैठकीत टिकले नसते.

बंदीवर पुढचा हल्ला कसा होणार हेही आजच दिसते आहे. ‘इतकी वर्षे बंदी घातली, माको वाढले कुठे?’ असे विचारले जाईल. २०१९ च्या गणितातच याचे उत्तर आहे: पकड शून्य केली तरी पिल्ले देणाऱ्या माद्यांची संख्या सुमारे २०३५ पर्यंत घसरतच राहणार, कारण त्यांची जागा घेणाऱ्या कोवळ्या माद्या आधीच मारल्या गेल्या आहेत. २०२२ मध्ये जन्मलेली मादी पहिली पिल्ले देईल ती २०४० नंतर. तोवर बंदीचे यश माकोंच्या संख्येत शोधण्यात अर्थ नाही. ते मृत्यूंच्या नोंदींत शोधावे. २५० टनांच्या मर्यादेत फेकलेले मेलेले मासेही मोजायचे आहेत, आणि काही देश अशा माशांची नोंदच देत नाहीत. सवलतीसाठी जो जोर लावला जातो तो तारेवर बंदी, दोर पाण्यात ठेवण्याच्या तासांना मर्यादा आणि बोटीबोटीवर कॅमेरे यांसाठी लावला, तर दहांतले तीन-चार मेलेले येतात तेच कमी करता येतील, आणि फेकायला लागणाऱ्या माशांचे दुःखही तेवढे कमी होईल.