साथीचा डॉक्टर कसा घडला : मुंबई, कलकत्ता, सिंगूर, जामखेड

आजचा धागा एका पदवीविषयी आहे. पदवीचा इतिहास म्हटला की जांभई येणे स्वाभाविक. पण या पदवीच्या पाठीशी मुंबईचा प्लेग, पुण्यातील एक खून, बंगालचा दुष्काळ आणि नाशकात जन्मलेला एक सनदी अधिकारी उभा आहे. साथरोगांचा प्रतिबंध हा विषय डॉक्टर झालेल्या माणसालाही पुन्हा नव्याने शिकावा लागतो, हे जगाला केव्हा उमगले आणि तो शिकवावा कुठे, प्रयोगशाळेत की गावात, यावरून काय वाद झाला, ते पाहू.

सप्टेंबर १८९६. मुंबईत गोदीलगतचा मांडवी भाग : धान्याची कोठारे, दाट चाळी आणि कोठारांतून मरून पडणारे उंदीर. येथे एका रुग्णाला तपासताना डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. हा प्लेग होता. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निदानाचे मोल कळते. मुंबईत मेट्रो चित्रपटगृहासमोरून जाणे झाले तर त्यांचा पुतळा अवश्य पाहा.

निदान अचूक होते. पण वैद्यकीय महाविद्यालयाने दिलेली विद्या येथे संपत होती. पुढचे प्रश्न वेगळ्याच जातीचे होते. कोणती घरे रिकामी करायची? माणसे नेऊन ठेवायची कुठे? रेल्वेने गावोगाव पळणाऱ्या हजारो लोकांचे काय? धान्याच्या कोठारांना हात लावायचा की नाही? एका रुग्णाच्या खाटेशी बसून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. येथे रुग्ण म्हणजे अख्खे शहर होते, आणि त्याची नाडी कशी पाहावी हे कोणी शिकवलेले नव्हते.

एक मार्ग प्रयोगशाळेचा होता. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत कामाला बसले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची जी संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, तिचे मूळ या खोलीत आहे.

दुसरा मार्ग बंदुकीचा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला आणि सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार आले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरांची झडती सुरू केली. देवघरात बूट घालून शिरणे, स्त्रीपुरुषांची उघड्यावर तपासणी, सामानाची जाळपोळ हे सारे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हेही. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. एकाच शहरात, एकाच महिन्यांत, रोगी माणसाकडे जाण्याच्या या दोन रीती होत्या.

आता एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकांतून सहसा निसटते. रँड वैद्य नव्हता, सनदी अधिकारी होता. पण त्याच्या समितीत हाँगकाँगची साथ पाहिलेला एक लष्करी डॉक्टरही होता. तरीही १८९७ मध्ये प्लेग पसरतो कसा, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. मलमूत्र, कपडे, घरातील कोंदट हवा यांवर संशय होता, म्हणून कार्बोलिकचे सडे घातले जात. उंदरावरील पिसू हा खरा वाहक असल्याचे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. पण सरकारी प्लेग आयोगाने ते मानले नाही. मुंबईतच पुढे झालेल्या संशोधनाने त्यावर शिक्कामोर्तब व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे घरे जाळून, माणसे उघडी करून जे शोधले जात होते ते तेथे नव्हतेच. प्लेगच्या इतिहासातील अत्याचाराची चर्चा आपण करतो. त्या अत्याचारामागे ज्ञानाचाही केवढा अभाव होता, याची मात्र फारशी करत नाही.

मग सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण तेव्हा नव्हतेच काय? होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७१ मध्ये या विषयाची पदविका सुरू केली, केंब्रिजने १८७५ मध्ये. १८८८ च्या कायद्याने तर इंग्लंडमध्ये पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या भागात आरोग्याधिकारी व्हायचे तर ही पदविका आवश्यक ठरवली. डी.पी.एच. ही तीन अक्षरे नावापुढे लावण्यासाठी हिंदी डॉक्टरही बोटीने विलायतेला जात. पण अभ्यासक्रम घडला होता तो लंडन-मँचेस्टरच्या गरजेतून : गटारे, नळाचे पाणी, दुधातील भेसळ, गिरणीतील हवा. चाळीतील उंदीर आणि देवघराचा उंबरठा त्यात कुठून असणार?

या टप्प्यावर कथा अमेरिकेला जाते. तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत अंकुशकृमीने लाखो शेतमजूर पांडुरके, निस्त्राण झाले होते. १९०९ पासून रॉकफेलर यांच्या पैशावर मोहीम सुरू झाली. प्रमुख होते विक्लिफ रोझ, मूळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मोहिमेत त्यांना अडचण जाणवली ती औषधाची नव्हे, माणसांची. गावोगाव जाऊन संडास बांधून घेईल, लोकांना पटवील, आकडे नीट ठेवील असा शिकलेला अधिकारीच मिळेना. तेव्हा अशा अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र शाळा काढायचे ठरले आणि रोझ व विल्यम वेल्च या दोघांनी १९१५ मध्ये तिचा आराखडा मांडला.

हा आराखडा दोन माणसांच्या नावाने ओळखला जातो, पण त्यात एक मत दुसऱ्यावर मात करून बसले आहे. रोझ यांना हवी होती प्रत्यक्ष क्षेत्रात शिकवणारी शाळा आणि तिच्याशी जोडलेले छोट्या शाळांचे जाळे. वेल्च हे जंतुशास्त्राचे महर्षी. त्यांना हवी होती संशोधनाला वाहिलेली, प्रयोगशाळांनी सजलेली संस्था. अखेर सरशी वेल्च यांची झाली. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या शाळेची स्थापना झाली, वेल्च तिचे पहिले प्रमुख झाले आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये वर्ग भरू लागले. काळ पाहा : नेमकी त्याच महिन्यात इन्फ्लुएंझाची प्राणघातक लाट जगभर उसळली होती. एकट्या हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

पुढे लंडनच्या शाळेसाठी आणि त्यानंतर आपल्याकडेही हाच पैसा आणि हाच साचा आला. ३० डिसेंबर १९३२ रोजी कलकत्त्यात अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे उद्घाटन झाले. रॉकफेलर प्रतिष्ठानने मोठे साहाय्य केले, चालवण्याचा खर्च सरकारचा. मलेरिया, पोषण, जन्ममृत्यूंचे संख्याशास्त्र, साथरोगशास्त्र असे विभाग. साथरोगांचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी बोटीचे तिकीट काढण्याची सक्ती आता उरली नाही. संस्था नामी होती. पण होती शहराच्या मध्यावर, चित्तरंजन अव्हेन्यूवर, आणि हिंदुस्थान राहत होता खेड्यात.

हे अंतर मिटवण्याचे श्रेय ज्याला द्यावे त्या जॉन ग्रँट यांची ओळख आपल्याकडे फारशी नाही. जन्म चीनमधील निंगबो गावी, वडील कॅनडाचे मिशनरी डॉक्टर. १९२१ पासून ते पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य शिकवत. प्रयोगशाळेत बसून कोणी आरोग्याधिकारी होत नाही, असे त्यांचे ठाम मत. १९२५ मध्ये त्यांनी पेकिंग शहरातील एक वस्तीच विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी उघडली; जन्म, मृत्यू, विहिरी, शाळा, सुइणी, सारे तिथेच शिकायचे. त्यांचे शिष्य चेन झीच्यान यांनी पुढे डिंगश्यान जिल्ह्यात याहून धाडसी प्रयोग केला : शेतकऱ्यांतूनच निवडलेला, थोड्या दिवसांत तयार केलेला आरोग्यसेवक, त्याच्याजवळ औषधांची एक पेटी. १९३७ मध्ये जपानी फौजा आल्या आणि ते काम उद्ध्वस्त झाले.

ग्रँट १९३९ मध्ये कलकत्त्याच्या संस्थेचे संचालक होऊन आले. त्याच वर्षी हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे संस्थेचे ग्रामीण आरोग्य केंद्र सुरू झाले. होय, तेच सिंगूर, ज्याचे नाव २००६ नंतर मोटारीच्या कारखान्याच्या वादामुळे घरोघरी पोहोचले. पदव्युत्तर विद्यार्थ्याने येथे राहायचे, घरोघर फिरायचे, तळ्याचे पाणी आणि ताप यांचा संबंध स्वतः शोधायचा. वेल्चपुढे हरलेला रोझ यांचा विचार पेकिंगमार्गे बंगालच्या भातखाचरांत उगवला, असे म्हटले तर ते फार चूक ठरणार नाही.

आणि तेवढ्यात १९४३ उजाडले. बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे गेली असे मानतात. त्यांतील मोठा भाग प्रत्यक्ष उपासमारीने नव्हे, तर हिवताप, पटकी, देवी अशा रोगांनी गेला; भुकेने खंगलेल्या शरीरांना हे रोग पेलवले नाहीत. आशियातील एक नामांकित आरोग्यसंस्था ज्या शहरात, त्याच शहराच्या रस्त्यांवर ही माणसे मरत होती. रोग कळणे आणि तो थोपवणे यांच्यामध्ये सरकार, धान्य आणि पैसा उभे असतात, याचा याहून कठोर धडा कोणत्या वर्गात मिळाला असता?

त्याच वर्षी सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. नाव ऐकून हा कोणी साहेब असावा असे वाटते. पण भोर हे १८७८ मध्ये नाशकात जन्मलेले मराठी ख्रिस्ती गृहस्थ, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, पुढे आय.सी.एस. समितीच्या सदस्यांत जॉन ग्रँटही होते आणि त्यांची छाप १९४६ च्या चार खंडांच्या अहवालावर स्पष्ट दिसते. त्यात देशाचे चित्र मांडले आहे : हजार जन्मांमागे १६२ बालके वर्षाच्या आत दगावतात, सरासरी आयुर्मान सत्तावीसच्या आसपास. मग शिफारशी : चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र; उपचार आणि प्रतिबंध यांची फारकत बंद; आणि प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण, जेणेकरून तो 'सामाजिक वैद्य' होईल. रँडच्या पुण्यानंतर अर्ध्या शतकाने, त्याच पुण्यात शिकलेल्या माणसाने सहीनिशी मांडलेला हा विचार होता.

प्रत्यक्षात काय झाले? प्राथमिक आरोग्य केंद्रे १९५२ पासून उभी राहू लागली, पण कमी माणसांत आणि कमी पैशांत. सामाजिक वैद्यकाचे विभाग महाविद्यालयांत निघाले, पदव्युत्तर एम.डी. आली, आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांनी या विषयाला शेवटची पसंती दिली. एखाद्या एमबीबीएस झालेल्या ताईला किंवा दादाला 'पीएसएम' म्हणून पाहा. पार्क यांचे ते जाडजूड पुस्तक आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे पाठांतर यापलीकडे त्यांना क्वचितच काही आठवेल. भोर समितीची ही शोकांतिका मला कागदावरच्या इतर कोणत्याही अपयशाहून मोठी वाटते.

तथापि बाल्टिमोरचा धागा महाराष्ट्रात अनपेक्षित ठिकाणी येऊन पोहोचला. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला आले आणि त्यांनी गावातल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्याच विद्यापीठातून १९८४ मध्ये हीच पदवी घेतलेले राणी आणि अभय बंग गडचिरोलीला गेले. तेथील ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. वेल्च यांच्या प्रयोगशाळांच्या शाळेने घडवलेली ही माणसे, आणि त्यांनी वापरलेले मुख्य साधन म्हणजे संख्याशास्त्र व गावातली बाई!

२००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानासोबत 'आशा' सेविका देशभर आल्या, त्यामागे अशा प्रयोगांचा अनुभव होता.

मार्च २०२० मध्ये कोविडसाठी महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला तो १८९७ चाच, रँडच्या काळातला. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा घरोघरी ताप मोजायला गेलेल्यांत गावातलीच आशाताई होती. चपला दाराबाहेर काढून ती नाव आणि वय विचारत होती. सरकारच्या लेखी ती कर्मचारी नाही, मानधनावरची स्वयंसेविका आहे. आणि साथ ओसरण्यापूर्वीच, जून २०२१ मध्ये, राज्यातील आशासेविकांना त्या मानधनासाठी संपावर जावे लागले.