एअर रायफल : नळीवरची जोडणी

एअर रायफल म्हणजे दारूऐवजी दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा फेकणारी, नळीला आतून चर पाडलेली बंदूक. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तिला छऱ्याची बंदूक किंवा नुसतेच एअरगन म्हणतात. आतून गुळगुळीत नळी असलेल्या स्वस्त बंदुकीलाही हेच नाव चालते. नळीवर किंवा तिच्या तोंडाशी बसवायच्या वस्तूंत पुढची माशी (नेम धरायचा पुढचा खुंट), वजने, जोडनळी, बाहेरचे आवरण आणि आवाज दाबणारा डबा यांचा समावेश होतो. यांतल्या बहुतेक वस्तू नेमबाजीसाठी घडवलेल्या आहेत. मात्र त्यांच्या खोक्यांवर चित्र असते ते सशाचे किंवा कबुतराचे.

ते चित्र आले विलायतेतून. इंग्लंडमध्ये 12 फूट-पाउंडांपर्यंतची, म्हणजे सुमारे 16 जूलांची एअर रायफल बाळगायला प्रमाणपत्र लागत नाही, शेतातले ससे आणि कबुतरे तिने मारता येतात आणि नळीला आवाज दाबणारा डबा लावायलाही आडकाठी नाही. तीच वस्तू बल्लारपुरात आली की तिचा कायदेशीर अर्थ पार बदलतो. बल्लारपूर हे वर्धा नदीकाठचे, गोंड राजांच्या जुन्या राजधानीचे गाव. आज त्याची ओळख कागद गिरणी, कोळशाच्या खाणी आणि सागवानाचा डेपो अशी आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये सागवान गेले ते येथूनच. अशा गावात लेथवर आटे पाडून देणारा कारागीर शोधावा लागत नाही, आणि वेस ओलांडली की जंगल सुरू होते. म्हणून या विषयाची यांत्रिक बाजू आणि कायद्याची बाजू येथे वेगळी काढता येत नाही.

सर्वांत जास्त खपणारी एअर रायफल म्हणजे नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक. नळी खाली ओढली की पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दबते. चाप ओढला की पिस्टन झेपावतो आणि पुढे कोंडलेली हवा छऱ्याला ढकलते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हललेली असते, तीही दोन्ही दिशांनी : आधी मागे, आणि पिस्टन पुढे आदळताना पुढे. नळीवर जे काही बसवायचे, त्याला हा उलटसुलट धक्का सोसावा लागतो. नुसत्या स्क्रूवर टेकवलेली किंवा डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेली माशी काही दिवसांत सुटते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 47-48 अंशांवर जातो तेव्हा तर चिकटवलेले काहीच भरवशाचे राहत नाही.

शिवाय या बंदुकीत नळी हीच भरण्याची दांडी असते. बरेच जण तोंडाशी बसवलेल्या जाड नळकांड्यालाच धरून नळी ओढतात. नळकांडे त्यासाठीच घडवलेले असेल तर ठीक. एरवी ते हळूहळू वाकडे होते आणि त्याच्याबरोबर नेमही वाकडा होतो. नळी उघडी असताना चाप दाबला गेला तर ती झटक्याने मिटते, बोटे चेंगरतात आणि नळी वर वाकते. अशी वाकलेली नळी कोणत्याही माशीने सरळ होत नाही.

माशीचे गणित साधे आहे, पण कारागिरांकडून हमखास चुकते ते इथेच. मागची साइट आणि पुढची माशी यांत 50 सेंमी अंतर धरले, तर 10 मीटरवर प्रत्येक चूक वीसपट होते. माशी बसवताना ती एक मिलिमीटर डावीकडे गेली, की छर्रा 20 मिमी उजवीकडे लागतो. 10 मीटरच्या रायफल लक्ष्यावर मधले काळे वर्तुळ 30.5 मिमी व्यासाचे असते आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने छर्रा काळ्याच्या पूर्ण बाहेर जातो. मागची साइट ज्या बाजूला हलवावी त्या बाजूला छर्रा जातो, पुढची हलवली तर उलट जातो. माशी उंच केली की छर्रा खाली लागतो.

नळीच्या तोंडापुढे येणाऱ्या कोणत्याही वस्तूचे भोक नळीच्या भोकाशी एका अक्षावर असावे लागते. छऱ्याची कंबर बारीक आणि मागचा घेर झग्यासारखा पातळ असतो. तो घेर जोडनळीच्या कडेला किंचित जरी घासला तरी छर्रा गडगडत जातो. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोके दिसू लागली, की दुरुस्तीवाला आधी तोंडाची जोडणी काढून पाहतो. बरेचदा दुखणे तेथेच असते. दुसरी खोड लेथवर लागते. आटे पाडताना नळीच्या तोंडाची कड दुखावली गेली, तर हवा एका बाजूने आधी सुटते आणि महागडी रायफल गुळगुळीत नळीच्या बंदुकीइतकी आंधळी होते.

नळी लांबवली की जोर वाढतो, हा पारावरचा आवडता समज. स्प्रिंगच्या बंदुकीत हवेचा दाब नळीच्या पहिल्या थोड्याच लांबीत संपतो. पुढे छर्रा आपल्या वेगाने जातो. स्पर्धेतल्या रायफलीची जोडनळी मुळी जोरासाठी नसतेच. तिचे भोक छऱ्यापेक्षा मोठे असते, छर्रा तिला शिवत नाही. पुढची माशी डोळ्यापासून दूर न्यायची आणि नेमातली चूक कमी करायची, एवढेच तिचे काम. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने तिलाही लगाम घातला आहे : यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंत 850 मिमी, आणि पूर्ण रायफलीचे वजन जास्तीत जास्त 5.5 किलो. धक्का कमी करणारे मझल ब्रेक रायफलीवर चालत नाहीत. वजनाच्या कड्या नळीवर पुढे-मागे सरकवून नेमबाज तोल साधतो. वजन पुढे गेले की नळीची थरथर मंदावते, पण खांदा लवकर दमतो.

महाराष्ट्रात या वस्तूंचे खरे घर नेमबाजीच्या रेंजवर आहे. अंजली भागवत 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये अथेन्सला तीच मजल गाठली आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरो येथे याच प्रकारात विश्वविजेता झाला.

आवाज दाबणाऱ्या डब्याची गोष्ट वेगळी. शस्त्र अधिनियम, 1959 मधील बंदुकीच्या व्याख्येत स्फोटकाबरोबर 'इतर प्रकारची ऊर्जा'ही येते, त्यामुळे हवेची बंदूक तिच्या बाहेर राहत नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत बंदुकीचा आवाज किंवा झळाळी कमी करणारी जोडणी प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात ठेवली आहे. दुकानदाराने तिला कोणतेही नाव दिले, तरी ती आवाज दाबण्यासाठी बनवलेली असेल तर तिचा वर्ग तोच. स्प्रिंगच्या बंदुकीवर तर ती फुकटच, कारण तेथे मोठा आवाज पिस्टन आदळण्याचा आणि स्प्रिंगचा असतो, तोंडाशी सुटणाऱ्या हवेचा नव्हे.

खुद्द बंदुकीसाठी सीमा आहे 4.5 मिमी, म्हणजे 0.177 इंच व्यास आणि 20 जूल ऊर्जा. यांपैकी एकही ओलांडली की शस्त्र नियम, 2016 प्रमाणे परवाना लागतो. 5.5 मिमीची एअर रायफल म्हणूनच विनापरवाना ठेवता येत नाही. 0.53 ग्रॅमचा स्पर्धेचा छर्रा सेकंदाला 175 मीटर वेगाने गेला तर ऊर्जा सुमारे 8 जूल भरते. त्याच छऱ्याला 20 जूलांवर पोचायला जवळजवळ 275 मीटर वेग लागेल. जुन्या नियमांच्या काळात जूल मोजत नसत. पाच फुटांवरून मारलेला छर्रा एक इंच जाडीच्या लाकडी फळीतून आरपार गेला नाही, तर बंदूक सुटली. ती कसोटी अधिक देशी वाटते.

बंदूक विनापरवाना असली म्हणून शिकार विनापरवाना होत नाही. हा घोळ जंगलपट्ट्यात फार जुना आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारणे, जखमी करणे, सापळा लावणे, हाकारा घालणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सगळे येते. नेम चुकला तरी ती शिकारच. पूर्वी कावळा, वटवाघूळ, उंदीर हे पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून मोकळे होते. 2022 च्या दुरुस्तीने, 1 एप्रिल 2023 पासून, ती अनुसूचीच गेली. आता केंद्राने अधिसूचना काढली तरच एखादा प्राणी उपद्रवी ठरतो. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि अभयारण्यापासून 10 किमीच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाला मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नाव नोंदवावे लागते. ताडोबात शिकारबंदी 1935 पासून आहे. 2021 मध्ये जाहीर झालेल्या कन्हाळगाव अभयारण्यामुळे बल्लारपूरजवळच्या जंगलपट्ट्यातही हे नियम दाराशी आले.

पिकात घुसणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याकडून परवानगी मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु छऱ्याच्या बंदुकीचे ते काम नाही. 8-10 जूलांचा छर्रा डुकराच्या कातडीत अडकतो, आणि जखमी डुक्कर पहाटे धुऱ्यावरून जाणाऱ्या माणसाच्या अंगावर येते. या बंदुकीला प्रत्यक्षात बळी पडतात ते पक्षी : बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठची पाणकोंबडी, झुडपातले तितर आणि उंबर-पिंपळ पिकले की थव्याने उतरणारा हरियाल. पिवळ्या पायांचा हा हिरवा पारवा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. पानांत मिसळून तो हालचाल न करता बसून राहतो, म्हणून छऱ्याला सोपा.

गडचिरोलीच्या आतल्या गावांत शिकारीचे जुने हत्यार एअरगन नव्हे, भरमार. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची ही गावठी बंदूक अनेक गावांनी पोलिसांकडे आपणहून जमा केली आहे. एअरगनच्या बाबतीत असाच प्रयोग ईशान्येत झाला. अरुणाचल प्रदेशाने मार्च 2021 मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग गावातून एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू केली आणि पुढे दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी स्वतः आणून दिल्या.

घरच्या अंगणात किंवा गोदामात 10 मीटरवर सराव करायचा, तर लक्ष्यामागे सागाची फळी लावू नये. कडक लाकडावरून छर्रा उलटून येतो. तिरका लोखंडी पत्रा आणि त्याखाली वाळूचा खोका बरा. नळीवरचे स्क्रू दर सरावाआधी ॲलन-कीने तपासावेत, पावसाळ्यात नळीला आतून-बाहेरून तेलाचा हलका हात द्यावा, आणि छर्रे शिशाचे असल्याने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये.