खेकड्याच्या वयाचें गणित

वृक्षाचें वय खोडांतील वलयांवरून कळतें. माशाचें वय खवल्यांवरून काढतां येतें. खेकड्याच्या बाबतींत मात्र निसर्गानें अशी सोय ठेविलेली दिसत नाहीं. त्याचें कठीण कवच शरीराबरोबर वाढत नाहीं. म्हणून तें टाकून तो मऊ अंगानें बाहेर येतो, पाणी शोषून फुगतो आणि नवें कवच घट्ट होईपर्यंत दडून राहतो. जुन्या कवचाबरोबर गत आयुष्याचें दप्तरहि जातें. त्याची वाढ चढणीसारखी नसून जिन्यासारखी आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर ह्यानें १७१८ सालीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें ह्या क्रियेचें बारकाईनें वर्णन केलें. पायऱ्यांची उंची मोजण्याचें काम पुढें झालें. 'चॅलेंजर' जहाजानें १८७२ ते १८७६ मध्यें गोळा केलेले नमुने तपासून अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ ब्रुक्स ह्यानें १८८६ सालीं असें मांडलें कीं, प्रत्येक वेळीं लांबी ठराविक प्रमाणांतच वाढते. १९४८ सालीं हायट ह्यानें कात टाकण्यापूर्वीचें व नंतरचें माप एकमेकांसमोर मांडून त्यांतून सरळ रेषा काढली.

ह्या रेषेवर पुढें कायद्याचा प्रश्न येऊन ठेपला. कॅलिफोर्नियांत व्यापारासाठीं सव्वासहा इंच रुंदीचे नरच पकडतां येतात. पकडला जाण्यापूर्वीं नराला एकदां तरी समागमाची संधि मिळावी, हा हेतु. माद्यांसाठीं अशीच मर्यादा ठरवावयाची, तर त्यांची वाढ कळली पाहिजे. परंतु नुकतीच कात टाकलेली मादी हातीं आली, तर तिचें आतांचेंच माप कळतें, पूर्वीचें नाहीं. तेव्हां पूर्वीच्या मापावरून पुढचें सांगणारी रेषा उलटी वाचून भागत नाहीं. उलट दिशेची रेषा स्वतंत्र बसवावी लागते. गॅल्टननें माणसांच्या उंचीवरून १८८६ सालींच जें प्रतिगमन दाखविलें, त्याचाच हा धडा.

तरीहि अर्धेंच गणित सुटतें. पायरीची उंची कळली, तरी दोन पायऱ्यांमधला काळ वयाबरोबर लांबत जातो. २०१२ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं डोळ्याच्या देठांत व जठरांतील दातांत वलयें असल्याचें सांगितलें. पण तीं कात टाकतांना टिकतात कीं नाहीं, ह्यावर वाद झाला. म्हणून मर्यादा ठरविणारास अद्यापहि ह्या जिन्याचाच आधार घ्यावा लागतो.