नगरची छावणी आणि संशयाचे माप

युद्धकाळी परकीयांच्या संचारावर राज्याने बंधन घालावे, यात वावगे काही नाही. प्रश्न असतो तो मापाचा. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीशी युद्ध जुंपताच हिंदुस्थान सरकारने येथील जर्मन पुरुषांस पकडून अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत स्थानबद्ध केले. त्यांत हिटलरचे अनुयायी होते, मिशनरी होते, आणि हिटलरच्याच छळामुळे देशोधडीस लागलेले ज्यूही होते. १९३८ मध्ये जर्मन सरकारने ज्यूंच्या पासपोर्टांवर तांबडे ‘जे’ अक्षर उमटविण्याचा हुकूम काढला होता. ज्या पासपोर्टाने मनुष्य स्वदेशी परका ठरला, त्याच पासपोर्टाने तो येथे शत्रू ठरला!

पुढे माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली व अनेकांची सुटका झाली. परंतु मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये शिरताच सुटलेल्यांपैकी कित्येकांस पुन्हा अटकाव झाला. त्यांच्या वर्तनात फरक पडला नव्हता. सरकारची भीती मात्र वाढली होती. पुढे सातारा व पुरंदर येथे काहींस सौम्य निर्बंधाखाली ठेवण्यात आले. म्हणजे छावणीहून हलका उपाय उपलब्ध होता. तो असता कठोर उपाय योजणे, आणि धोका माणसागणिक न तपासता राष्ट्रागणिक मोजणे, यास सावधगिरी म्हणता येईल; न्याय म्हणता येणार नाही.